काका, छेल्लुं केटलुं?

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात मेथीची जुडी सकाळी एका भावाने जाते आणि रात्री आठला दुसऱ्याच. विकणारी बाई तीच, मेथी तीच. पानं जरा कोमेजलेली आणि बाईला घरी जायची घाई, एवढाच फरक. हे हेरून मुद्दाम उशिरा पिशवी घेऊन येणारी गिऱ्हाइकं या बाजारात कायमची आहेत, आणि त्यांत मीही आहे. बाई कुरकुरते, जुडी पिशवीत टाकते, दुसऱ्या दिवशी ओळखही देते. तिच्या अडचणीचा फायदा आपण घेतला, असं घरी जाताना कुणाच्या मनात येत नाही.

याच शहरात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, आमच्या ओळखीचे एक काका शेड रिकामी करत होते. त्यांच्या लेथला एका व्यापाऱ्याने ऐनवेळी पाडून भाव सांगितला, तेव्हा मात्र आम्हा सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला: लुटारू. मेथीच्या वेळी आपण चतुर आणि लेथच्या वेळी समोरचा लुटारू, हे कसं, याचा विचार त्या दिवसापासून डोक्यात आहे. उत्तर वाटलं होतं तितकं सरळ निघालं नाही.

आधी मशीनबद्दल, कारण सगळा वाद त्यावरच उभा आहे. सहा फुटी लेथ, काकांच्या हाताखाली तीस वर्षं चाललेला. अशा लेथचा बेड चकच्या, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याच्या, जवळ झिजतो, कारण बहुतेक कामं आखूड असतात आणि हत्यार वाहणारं सॅडल तिथल्या तिथेच पुढेमागे फिरत राहतं. दुसऱ्या टोकाचा, टेलस्टॉककडचा भाग त्या मानाने कोरा राहतो. काकांच्या लेथचं तसंच होतं. शिवाय बॅक गिअरचा एक दात तुटलेला. बाकी मशीन चालतं, आवाज नाही. काकांनी नव्याची किंमत विचारली, तिला कात्री लावली, वर थोडी माया चढवली आणि दीड लाख सांगायला सुरुवात केली.

मग फोन. "काका, छेल्लुं केटलुं?" म्हणजे, शेवटचा भाव काय? मशीन पाहिलेलं नाही, किती फुटी आहे हे विचारलेलं नाही, पहिलंच वाक्य हे. काका वैतागायचे. एकाने चाळीस हजार सांगितले आणि पुढे सरळ किलोचा भाव विचारला. काकांना तो अपमान वाटला. मला विचाराल तर तो माणूस सर्वांत सरळ होता. भंगाराचा व्यापारी ओतीव लोखंडाच्या वजनाला भाव लावतो आणि तसं तोंडावर सांगतो. त्याच्या बोलण्यातून काकांना निदान एक आकडा पक्का कळला: याच्या खाली हे मशीन कधीच जाणार नाही.

कमी भाव सांगणं आणि फसवणं यांत घोटाळा होतो तो इथेच. आपली वस्तू म्हणजे आपली वर्षं. तिला कुणी निम्मी किंमत सांगितली की आपल्या वर्षांना सांगितल्यासारखी लागते. पण गिऱ्हाइकाने तुमच्या वर्षांचे पैसे द्यावेत असा नियम कुठल्याच बाजारात नाही. त्याला आतली झीज दिसत नाही, मशीन उचलून नेण्याचं भाडं त्याचं, पैसे अडकून पडणार त्याचे, आणि सहा महिने ते खपलं नाही तर जागाही त्याचीच अडणार. शिवाय त्याने आपल्यासारखे पुष्कळ पाहिलेले असतात. जुन्या मशीनला ताजा रंग मारून तडा झाकणारे, गिअरबॉक्समध्ये घट्ट तेल भरून आवाज दाबणारे विक्रेतेही याच वसाहतीत आहेत. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि पुढे २००१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा मोठा वाटा होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खराब माल कोणता हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांनाच सरासरी मालाचा भाव देतो, मग चांगला माल असलेले बाजारातून निघून जातात आणि खरोखरच खराब तेवढा उरतो. म्हणजे काकांना मिळालेल्या कमी भावात दुसऱ्या कुणीतरी केलेल्या रंगरंगोटीचा दंडही होता. काकांना हे पटवणं अवघड, कारण दंड भरणारे ते.

किंमत न कळण्यावरून, ज्यांच्या नावाचं ते खंडेराव मार्केट त्यांची गोष्ट आठवते. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये ही इमारत उभारली आणि तिला बडोद्याचे आधीचे महाराज खंडेराव यांचं नाव दिलं. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये कवळाण्याच्या मुलाला दत्तक घेतलं ते सयाजीराव, म्हणजे दत्तक वडिलांचं हे स्मारक. आज पुढच्या भागात महानगरपालिकेची कचेरी आणि मागे भाजी-फुलांचा बाजार. हे खंडेराव हिऱ्यामोत्यांचे मोठे शौकीन. १८६७ च्या सुमारास त्यांनी 'स्टार ऑफ द साउथ' हा हिरा ऐंशी हजार पौंडांना घेतला. १८५३ मध्ये ब्राझीलच्या खाणीत तो एका गुलाम बाईला सापडला होता. तिला बक्षीस म्हणून स्वातंत्र्य आणि तहहयात पेन्शन मिळालं. तिच्या मालकाने मात्र त्याची खरी किंमत न कळून तो तीन हजार पौंडांना देऊन टाकला, अशी हिऱ्यांच्या इतिहासात नोंद आहे.

तीन हजार आणि ऐंशी हजार. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पहिला घेणारा चोर दिसू लागतो. पण मधला हिशेब पाहा. सापडला तेव्हा दगड सुमारे २६१ कॅरेटचा होता. ॲमस्टरडॅमला पैलू पाडून झाल्यावर १२८ कॅरेट उरला. निम्म्याहून अधिक भुगा झाला. पैलू पाडताना तो फुटला असता तर तीन हजारही गेले असते. मग लंडन-पॅरिसच्या प्रदर्शनांत तो मिरवला, त्याला नाव मिळालं, नावाला किंमत आली. त्यात एक गंमत अशीही सांगतात की आधी कुणा हिंदी राजाने एक लाख दहा हजार पौंड देऊ केले होते, ते मालकांनी नाकारले आणि शेवटी ऐंशी हजारांवर आले. म्हणजे मधल्यांनाही आपल्या मालाची किंमत नेमकी कळली नव्हतीच. पहिल्या घेणाऱ्याच्या नफ्यातला काही भाग जोखमीचा, काही जाणकारीचा. उरलेला भाग समोरच्याच्या अज्ञानाचा. हा शेवटचा भाग घेण्याचा हक्क त्याला होता का?

कायदा या प्रश्नाला आपल्या अपेक्षेपेक्षा थंडपणे उत्तर देतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात पंचविसाव्या कलमाखाली एक घोडा आहे: हजार रुपयांचा घोडा कुणी दहा रुपयांना विकायला राजी झाला आणि त्याची संमती मोकळी असेल, तर करार पक्का. लगेच पुढच्या उदाहरणात तोच घोडा पुन्हा येतो, पण विकणारा म्हणतो की माझी संमती मोकळी नव्हती. तिथे कायदा म्हणतो, इतकी कमी किंमत ही न्यायालयाने ध्यानात घ्यायची गोष्ट आहे. किंमत स्वतः गुन्हा नाही. ती संशयाला जागा देते. ही मांडणी मला दीडशे वर्षांनंतरही शहाणी वाटते. संमती मोकळी नसली की काय होतं याचा आपल्या इतिहासातला नमुना नागपूरचा आहे. राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यानंतर भोसल्यांच्या वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले आणि मातीमोल गेले. बोली लावणाऱ्या एकेकट्याने कदाचित काही खोटंही सांगितलं नसेल. पण विकणाऱ्याला नाही म्हणायची सोयच नव्हती, मग त्या भावाला भाव तरी कसं म्हणायचं?

गप्प बसण्याबद्दलही त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात घोडेच आहेत. लिलावात खोड असलेला घोडा विकताना मालक गप्प राहिला तर ती फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर त्या नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धड आहे असं मी धरतो", आणि मालक तरी गप्प राहिला, तर त्याचं गप्प राहणं बोलण्याइतकंच. आणखी एक उदाहरण व्यापाऱ्यांचं: भाव बदलल्याची खबर एकाला आधी लागली असेल तर ती दुसऱ्याला सांगायला तो बांधलेला नाही. उदाहरणं बहुतेक विकणाऱ्याची असली तरी तत्त्व घेणाऱ्यालाही लागू पडतं. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने दहा वर्षं घालवून कमावलेली पारख त्याने तुम्हाला फुकट द्यावी, असं कायदा म्हणत नाही. मीही म्हणणार नाही.

पण त्या मुलीच्या उदाहरणाने मला अडकवून ठेवलं आहे. आपल्याकडे, निदान बडोद्यात, अनोळखी गिऱ्हाईक नसतंच. दांडिया बाजारच्या मराठी घरात जुनी हार्मोनियम पाहायला येणारा दारातच "काकी, पाणी मिळेल का?" म्हणतो. मकरपुऱ्यात लेथ पाहायला येणारा "काका" म्हणतच आत शिरतो, चहा घेतो, "मी तुमच्या मुलासारखा" असंही म्हणून टाकतो. हे बोलणं विकणाऱ्याला सैल करण्यासाठी असतं आणि होतोही तो सैल. भाव करायला आलेल्या परक्यापुढे माणूस जितका सावध असतो तितका पुतण्यापुढे राहत नाही. तेव्हा जो नात्याच्या दाराने आला त्याने नात्याची जबाबदारीही घ्यावी, हे मागणं फार नाही. साहेब म्हणा, भावासाठी भांडा, पारख स्वतःजवळ ठेवा. काका म्हणालात तर मात्र, "काका, ही वस्तू दुर्मिळ आहे, घाई करू नका", एवढं सांगणं लागता. कोर्ट याला मानणार नाही, माहीत आहे. आपल्याकडची माणसं मानतात.

आता लेथकडे. एका व्यापाऱ्याने येऊन, पाहून, एक लाख पंधरा हजारांना सौदा ठरवला. दोन हजार इसार दिला. अठ्ठावीस तारखेला उचलतो म्हणाला. शेड तीस तारखेला रिकामी द्यायची आहे हे काकांनी मोकळेपणाने सांगून टाकलं होतं. चूक म्हणायची तर ही. काकांनी बाकीच्या दोन गिऱ्हाइकांना नकार कळवला. अठ्ठावीसला कुणी आलं नाही, फोन लागला नाही. एकोणतीसच्या संध्याकाळी हायड्रा क्रेन, टेम्पो आणि दोन मिस्त्री घेऊन तो हजर. एका मिस्त्रीने चकजवळ बेडवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "आ तो घसाई गयो छे." दुसरा मान हलवत म्हणाला, "आ तो भंगार ज छे ने." मग व्यापारी दुःखी चेहऱ्याने, काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की ऐंशी हजारांवर त्याला परवडणार नाही. बाहेर हायड्राचं भाडं तासावर चढत होतं, आणि ते कुणाच्या डोक्यावर बसणार याबद्दलही तो हळूच बोलला.

घसलेला बेड खरा होता. म्हणजे या सगळ्यात त्याने एकही गोष्ट धादांत खोटी सांगितली नाही, असा त्याचा बचाव होऊ शकतो. पण पहिल्या दिवशी तोच बेड त्याने पाहिला होता. त्याचा आधीचा भाव खरा नव्हता, बाकीची गिऱ्हाइकं पळवून लावण्यापुरता होता, आणि दुसरा भाव तारखेने ठरवला होता. मेथी विकणाऱ्या बाईची अडचण मी निर्माण करत नाही. ती सूर्य मावळल्याने येते. काकांची अडचण या माणसाने हाताने घडवली. माझ्या मते रेघ इथे आहे. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करायची रीत होती. रुमालाखाली वाटेल तेवढी ओढाताण करा, बैलाचे दात मोजा, त्याला चालवून पाहा, खोडी काढा. रुमाल निघाला आणि इसार दिला की मग बैल लंगडा आहे म्हणून परत यायचं नाही. तसं करणाऱ्याशी पुढच्या बाजारी कुणी रुमाल धरत नसे. शहरात पुढचा बाजार नसतो, काका आयुष्यात एकदाच लेथ विकतात, आणि व्यापाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

याहून वाईट प्रकारही आहेत, पण त्यांत तोलून पाहण्यासारखं काही नाही. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवणारे, "मी सैन्यात आहे, बदली झाली, न पाहताच घेतो" म्हणत क्यूआर कोड पाठवणारे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी लागत नाही, एवढं घरातल्या वडीलधाऱ्यांकडून घोकून घ्यावं. फसलात तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. योगायोग असा की मालविक्रीचा कायदाही १९३० सालचाच आहे, आणि उधारी ठरलेली नसेल तर सगळे पैसे हातात पडेपर्यंत माल ताब्यात ठेवायचा हक्क तो विकणाऱ्याला देतो. स्कूटर किंवा टेम्पो विकत असाल तर "पेपर नंतर करू" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नये, मग भाव कितीही चांगला असो. नोंदणी तुमच्या नावावर असेल तोवर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

व्यापाऱ्यांवर चिडणं सोपं, पण विकणाऱ्यानेही थोडं करायला हवं. खंडेराव मार्केटात बसणारी महानगरपालिकासुद्धा आपली जुनी गाडी मनाला येईल तशी विकू शकत नाही. सरकारी लिलावात आधी अपसेट प्राइस ठरते, त्याखाली बोली आली तर माल देत नाहीत. काकांकडे एकच आकडा होता, मागायचा. न सोडायचा आकडा त्यांनी ठरवला नव्हता, म्हणून तो हायड्राच्या आवाजात ठरवायची वेळ आली. शेड सोडायची तारीख सांगायची नाही, हे दुसरं. आणि तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, पण काकांना ते पटायला वेळ लागला: दोष आपणच आधी सांगायचे. बेड किती घसलाय, दात कोणता तुटलाय, कागदावर लिहून घेणाऱ्याची सही घ्यायची, उचलायची तारीख त्याच कागदावर घालायची. ज्याने दोष वाचून भाव ठरवला त्याला टेम्पो आणल्यावर तो दोष नव्याने सापडू शकत नाही. काका म्हणाले, दोष सांगितले तर भाव पडेल. पडेल, हे खरं. पण तो तुमच्या दारात एकोणतीस तारखेला पडण्यापेक्षा पहिल्या दिवशी फोनवर पडलेला बरा.

त्या संध्याकाळी काकांनी इसार परत दिला. शेजारच्या शेडवाल्याला विनवून लेथ आठ दिवस त्याच्याकडे सरकवला. त्या हायड्राचं भाडं मात्र काकांनाच पडलं. मग वाघोडियाकडून एक तरुण आला. त्याने "काका" म्हटलं नाही, "अंकल" म्हणाला. खिशातून डायल गेज काढलं, चकमध्ये एक बार धरला, लांब कट घेतला, दोन्ही टोकांचा व्यास मोजून फरक वहीत लिहिला. काकांनी बॅक गिअरचं झाकण स्वतः उघडून तुटलेला दात दाखवला. त्याने पंचाण्णव हजार सांगितले. घासाघीस होऊन एक लाख दोन हजारांवर आले, आणि तो दुसऱ्या दिवशी बोललेल्या वेळेला टेम्पो घेऊन आला. काकांनी टूल बिट्सची जुनी पेटी न मागता वर ठेवली.

आठवड्याने पहिल्या व्यापाऱ्याचा फोन आला. मशीन अजून आहे का? गेलं. केवढ्याला गेलं? काकांनी आकडा सांगितला. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "काका, एवढे तर मीच दिले असते." काका अजून अधूनमधून मला विचारतात, तो खरं बोलत होता का.